वाटी बुडेपर्यंत

गेल्या उन्हाळ्यात तालुक्याच्या एका गावी विज्ञान शिक्षकांचे शिबिर होते. तेथे आम्ही दोन दिवस होतो. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत एक बाई एक वही घेऊन आल्या. त्यांच्या नववीच्या वर्गातल्या एका मुलीची ती अभ्यासाची वही होती. पानोपानी तारीख आणि तिच्यापुढे तास लिहिलेले होते : पाच, साडेपाच, पाच, सहा. खाली आईचा अंगठा. मुलगी खोटे लिहीत नव्हती, कारण बाई दोनदा तिच्या घरी जाऊन पाहून आल्या होत्या. ती खरोखरच तेवढा वेळ पुस्तक उघडून बसत असे. तरीही घटक चाचणीत ती तीन विषयांत नापास झाली होती. “एवढं बसूनही येत नसेल तर कशाला शिकवायचं,” असे वडील म्हणू लागले होते. दहावीला पाठवायचे की नाही, असा घरात विचार चालला होता.

“सर, आता तिला मी आणखी किती तास बसायला सांगू?” बाईंनी विचारले.

या प्रश्नाचे उत्तर तासांत देता येत नाही, एवढे आम्हांला तेव्हाच कळत होते. पण मग कशात द्यायचे? शिबिरात ते नीट सांगता आले नाही. म्हणून हा लेख.

बसणे आणि लक्ष असणे

आमचा रोजचा अनुभव सांगतो. प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मोजण्याचे काम करावे लागते. काम सोपे आहे. चौकटीतल्या पेशी पाहायच्या आणि हातातल्या गणकाची कळ दाबायची. पहिली वीस-पंचवीस मिनिटे हे काम बिनचूक होते. त्यानंतरही डोळा भिंगालाच असतो आणि बोट कळेवरच असते, पण तीच काचपट्टी पुन्हा मोजली तर आकडा वेगळा येतो. आपण चुकतो आहोत हे मोजताना जाणवत नाही. म्हणूनच नव्या विद्यार्थ्यांना आम्ही पहिल्या आठवड्यातच सांगतो की अधूनमधून उठा.

असे का होते, हा प्रश्न मानसशास्त्रात जुना आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये रडारच्या पडद्यावर तासन्तास नजर ठेवणाऱ्या सैनिकांच्या नजरेतून महत्त्वाच्या खुणा निसटत. नॉर्मन मॅकवर्थ या शास्त्रज्ञाने त्याचा अभ्यास केला. त्याने एक साधे यंत्र बनवले. घड्याळासारख्या तबकडीवर एक काटा ठरावीक अंतराने टिक टिक करत एकेक पाऊल पुढे सरके, आणि क्वचित कधीतरी एकदम दुप्पट उडी मारी. समोर बसलेल्याने तेवढी उडी टिपायची आणि हे दोन तास करायचे. १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात दिसले की पहिल्या अर्ध्या तासानंतरच निसटणाऱ्या उड्यांचे प्रमाण वाढते. माणसे जागी होती, डोळे उघडे होते, आणि तरीही समोरची गोष्ट दिसत नव्हती.

पुस्तकाच्या ओळींवरून नजर फिरते आहे आणि पान संपल्यावर काय वाचले ते आठवत नाही, हा आपल्या प्रत्येकाचा अनुभव याच जातीचा आहे.

लक्ष आटते की सवयीचे होते?

यावर बराच काळ दिले जाणारे स्पष्टीकरण असे : लक्ष म्हणजे टाकीतले पाणी. वापरत गेलो की आटत जाते, आणि विश्रांती घेतली की टाकी पुन्हा भरते. हे स्पष्टीकरण सोपे आहे, पण त्यात एक अडचण आहे. अभ्यासावरून उडालेले लक्ष नाहीसे होत नाही, ते दुसरीकडे जाते. गणिताचे पुस्तक समोर असताना मुलाला शेजारच्या गल्लीतल्या क्रिकेटची प्रत्येक धाव ऐकू येते. मग टाकी रिकामी झाली असे कसे म्हणायचे?

अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठातील अत्सुनोरी अरिगा आणि अलेहांद्रो येरास यांनी २०११ मध्ये वेगळी कल्पना मांडली. सुक्या बोंबलांच्या घरात बाहेरचा माणूस शिरला की त्याला वास येतो, घरच्यांना येत नाही. सतत तेच संवेदन मिळाले की मेंदू त्याची दखल घेणे सोडतो. अंगातल्या सदऱ्याचा स्पर्श आपल्याला दिवसभर जाणवत नाही, तोही यामुळेच. त्यांचे म्हणणे असे की ‘मला हे काम करायचे आहे’ हा मनातला हेतूसुद्धा सतत धरून ठेवला की असाच सवयीचा होतो आणि त्याची धार जाते. क्षणभर तो सोडून पुन्हा धरला की तो ताजा होतो.

हे तपासण्यासाठी त्यांनी लोकांना पडद्यावरील रेघांची लांबी पारखण्याचे कंटाळवाणे काम सुमारे पाऊण तास दिले. बहुतेकांची कामगिरी हळूहळू घसरली. एका गटाला मात्र मधे दोनदा अगदी थोड्या वेळासाठी दुसरेच काहीतरी करायला लावले होते. त्या गटाची घसरण झाली नाही. मधला खंड इतका छोटा होता की तेवढ्यात टाकी भरली असे म्हणणे अवघड आहे.

या दोन स्पष्टीकरणांतला वाद पुरता मिटलेला नाही. शिक्षकाच्या दृष्टीने मात्र दोन्हींतून एकच गोष्ट निघते. खंड म्हणजे अभ्यासातून चोरलेला वेळ नव्हे. तो योग्य जागी असेल तर अभ्यासाचाच भाग असतो.

टोमॅटोचे घड्याळ

१९८० च्या दशकाच्या अखेरीस इटलीत फ्रान्चेस्को चिरिलो नावाचा एक महाविद्यालयीन विद्यार्थी याच अडचणीत होता. परीक्षा जवळ आलेली आणि अभ्यासात मन लागत नाही. त्याने स्वतःशीच पैज लावली : खराखुरा अभ्यास मी दहा मिनिटे तरी करू शकतो का? वेळ मोजायला त्याने स्वयंपाकघरातले गजराचे घड्याळ घेतले. ते टोमॅटोच्या आकाराचे होते. इटालियन भाषेत टोमॅटोला ‘पोमोदोरो’ म्हणतात, आणि तेच नाव पुढे या पद्धतीला पडले. पैज पहिल्या झटक्यात जिंकता आली नाही, बरेच प्रयत्न करावे लागले, असे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे.

पुढे त्याने पद्धत बांधली ती अशी. एक काम ठरवायचे. २५ मिनिटे तेवढेच करायचे. गजर झाला की ५ मिनिटे थांबायचे. अशा चार फेऱ्या झाल्या की १५ ते ३० मिनिटांची मोठी विश्रांती घ्यायची. मधेच दुसरे काही आठवले तर कागदावर टिपून ठेवायचे आणि कामाकडे परतायचे.

२५ या आकड्यात काही जादू आहे का? नाही. पण ठरवून घेतलेल्या खंडांना अर्थ आहे असे दिसते. नेदरलँड्समध्ये ८७ विद्यापीठीय विद्यार्थ्यांवर केलेला एक अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना २४ मिनिटे अभ्यास आणि ६ मिनिटे खंड, काहींना १२ मिनिटे अभ्यास आणि ३ मिनिटे खंड असे वेळापत्रक दिले. तिसऱ्या गटाला सांगितले की वाटेल तेव्हा थांबा. मनाप्रमाणे थांबणारे विद्यार्थी एका बैठकीत जास्त वेळ बसले आणि थांबले तेही जास्त वेळ. त्यांना थकवा जास्त जाणवला, मन जास्त भरकटले, एकाग्रता आणि उत्साह कमी राहिला. काम मात्र सगळ्या गटांचे जवळजवळ सारखेच झाले. म्हणजे घड्याळ लावल्याने काम दुप्पट होत नाही. तेवढेच काम कमी शीण होऊन होते. रोज शाळा करून, घरची कामे करून अभ्यासाला बसणाऱ्या मुलाच्या दृष्टीने ही गोष्ट लहान नाही.

आपली घटका

२४ मिनिटे हा आकडा वाचताच आम्हांला आपली घटका आठवली. आपल्याकडे अहोरात्राचे ६० भाग करत. एक भाग म्हणजे एक घटका, म्हणजेच २४ मिनिटे. ती मोजायला घटिकापात्र असे. तांब्याच्या वाटीच्या बुडाला बारीक भोक, आणि ती वाटी पाण्याने भरलेल्या घंगाळात तरंगत ठेवायची. भोकातून पाणी आत येत जाते आणि घटका भरली की वाटी बुडते. लग्नाचा मुहूर्त साधायला जोशीबुवा हेच पात्र मांडून बसत. ‘घटकाभर बस’, ‘घटका भरली’ हे शब्दप्रयोग तिथलेच.

असे पात्र शाळेत करता येते. जुनी, पातळ, पसरट ॲल्युमिनियमची वाटी घ्या. बुडाच्या मधोमध जाड सुईच्या टोकाने शक्य तितके बारीक भोक पाडा. बादलीत पाणी घेऊन वाटी अलगद सोडा आणि घड्याळावर वेळ मोजा. वाटी लवकर बुडाली तर भोक मोठे झाले आहे. मग दुसरी, खोल वाटी घ्या. फारच वेळ लागला तर भोक किंचित मोठे करा. पाणी गाळलेले हवे, नाहीतर कचरा अडकून घटका लांबते. मुलांना एक प्रश्नही घाला. वाटीत पाणी चढत जाते, तरी आतल्या आणि बाहेरच्या पाण्याच्या पातळीतला फरक बराच वेळ जवळजवळ तेवढाच का राहतो? आर्किमिडीजचे तत्त्व शिकवायला याहून चांगले निमित्त मिळणार नाही.

विनोद म्हणून आम्ही हे सांगत नाही. भ्रमणध्वनीवर वेळ लावता येतो हे खरे, पण अभ्यास करणाऱ्याच्या हातात तो देणे म्हणजे मांजराला दुधाची राखण सांगणे होय. वाटीकडे पाहिले की फक्त वेळच दिसतो.

खंडात काय करावे, काय करू नये

पाच मिनिटांत उठावे, पाणी प्यावे, अंगणात जाऊन यावे, खिडकीतून लांबवर पाहावे. दूरचित्रवाणी किंवा भ्रमणध्वनी पाहणे म्हणजे विश्रांती नव्हे. एक तर तेथून पाच मिनिटांत उठवत नाही. दुसरे कारण जास्त महत्त्वाचे आहे. नुकतेच शिकलेले मेंदूत स्थिर व्हायला थोडा वेळ लागतो, ही कल्पना म्युलर आणि पिल्झेकर या जर्मन संशोधकांनी १९०० मध्येच मांडली होती. स्कॉटलंडमध्ये मायकेला ड्यूवर आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये वयस्क माणसांना दोन छोट्या गोष्टी ऐकवल्या. एका गोष्टीनंतर दहा मिनिटे मंद उजेडात डोळे मिटून स्वस्थ बसायचे, आणि दुसरीनंतर पडद्यावरच्या चित्रांतले फरक शोधायचे. स्वस्थ बसण्याआधी ऐकलेली गोष्ट त्यांना सात दिवसांनीही अधिक चांगली आठवली. प्रयोगातली माणसे मुले नव्हती हे ध्यानात ठेवू या. पण ‘जरा गप्प बसला की वेळ फुकट गेला’ हा समज सोडून द्यायला एवढे पुरेसे आहे.

आणखी एक गोष्ट. प्रत्येक घटकेची शेवटची पाच मिनिटे पुस्तक मिटून काढावीत. पाटीवर किंवा कोऱ्या कागदावर आठवेल तेवढे लिहावे, आणि मग पुस्तक उघडून पडताळावे. रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांना काही उतारे वाचायला दिले. एका गटाने उतारा पुन्हा वाचला, तर दुसऱ्याने न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे थोडे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र चित्र पालटले. पुन्हा वाचणाऱ्यांना सुमारे ४२ टक्के, तर आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ५६ टक्के मजकूर आठवला. आपण बहुधा पुन्हा वाचूनच अभ्यास करतो, कारण वाचताना ‘हे येते आहे’ असे वाटत राहते. ते वाटणे फसवे असते.

मिनिटांचा खंड आणि दिवसांचा खंड

येथे एक घोळ टाळायला हवा. पाच मिनिटांचा खंड लक्ष टिकवतो. स्मरण पक्के करायला लागतो तो दिवसांचा खंड. त्याची मोजणी एबिंगहाउस या जर्मन शास्त्रज्ञाने १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवली. बारा निरर्थक अक्षरगटांची माळ त्याने एका दिवशी ६८ वेळा घोकली. तीन दिवसांत विभागून ३८ वेळा घोकली तेव्हाही फळ तितकेच मिळाले.

ब्रिटनमध्ये टपाल कर्मचाऱ्यांना कळफलक शिकवायचा होता, तेव्हा बॅडली आणि लाँगमन यांनी त्यांचे गट पाडले. १९७८ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेले निष्कर्ष असे : रोज एक तास शिकणारे ५५ तासांत जेवढे शिकले, तेवढे शिकायला रोज चार तास बसणाऱ्यांना ८० तास लागले. गंमत अशी की रोज एक तासवाले सर्वांत कमी समाधानी होते, कारण दिवस जास्त लागत होते आणि आपण मागे पडतो आहोत असे त्यांना वाटत होते. परीक्षेच्या आदल्या रात्री जागणाऱ्या मुलाला खूप अभ्यास झाल्यासारखा का वाटतो, याचे उत्तर येथे आहे.

वर्गात करून पाहा

हे सारे आमच्या शब्दावर मानू नका. जुन्या वर्तमानपत्राचे एकेक पान प्रत्येक मुलाला द्या. ‘क’ हे अक्षर दिसेल तेथे गोल करायचा. दर तीन मिनिटांनी आपण टेबलावर टिचकी मारायची, आणि मुलांनी त्या वेळी जेथे असतील तेथे आडवी रेघ मारायची. असे २४ मिनिटे करा. अर्ध्या वर्गाला बारा मिनिटांनंतर दोन मिनिटे उठून खिडकीपाशी जाऊ द्या. शेवटी शेजाऱ्याची पाने तपासून प्रत्येक भागात किती ‘क’ सुटले ते मोजा आणि आलेख काढा. दुसऱ्या दिवशी गट बदलून पुन्हा करा. दोन्ही दिवस का करायचे, सरावाचा परिणाम खंडाच्या परिणामापासून वेगळा कसा काढायचा, हे मुलांनाच विचारा. आलेख अपेक्षेप्रमाणे आला नाही तरी तो खोडू नका. विज्ञान शिकवण्याची खरी संधी तीच असते.

मर्यादा

वर्गात मुलांचे लक्ष दहा-पंधरा मिनिटेच टिकते, असे प्रशिक्षणांतून ठामपणे सांगितले जाते. २००७ मध्ये विल्सन आणि कॉर्न यांनी या विधानामागचा पुरावा तपासला आणि तो फार तोकडा निघाला. लक्ष किती टिकेल हे विषयावर, शिकवण्यावर आणि मुलावर अवलंबून असते. म्हणून घटकेचा नियम करू नये. पाचवीतल्या मुलाला बारा मिनिटे पुरेत. भूमितीचे प्रमेय सुटत आलेले असताना वाटी बुडाली तर तिला बुडू द्यावे आणि प्रमेय पुरे करावे. शालान्त परीक्षेची भाषेची उत्तरपत्रिका तीन तासांची असते. तेव्हा शेवटच्या महिन्यात पूर्ण वेळेच्या प्रश्नपत्रिका सोडवण्याचा सरावही हवाच.

त्या मुलीचे काय झाले?

शिबिरानंतर आम्ही बाईंना यातले थोडे पत्राने कळवले होते. दिवाळीनंतर त्यांचे उत्तर आले. मुलीने वहीत तास लिहिणे सोडले होते. आता ती घटका लिहीत होती, रोज सहा, आणि प्रत्येकीपुढे न पाहता काय आठवले ते दोन ओळींत. घर एका खोलीचे आहे. दिवसभर शांत राहा म्हटले तर कोण ऐकणार? पण वाटी बुडेपर्यंत दूरचित्रवाणी बंद ठेवायला वडील तयार झाले, आणि धाकटा भाऊ तर वाटीवर पहारा देत बसतो, असे बाईंनी लिहिले होते.

इतिहास आणि विज्ञानात ती पास झाली. गणितात झाली नाही. पण वही पाहताना बाईंच्या ध्यानात आले की गणिताच्या घटकांपुढच्या दोन ओळी नेहमी एकाच ठिकाणी कोऱ्या राहतात. ऋण संख्या आल्या की मुलगी थांबते. सहावी-सातवीतले ते राहूनच गेले होते. रोजच्या पाच तासांच्या नोंदीत ते कोणालाच दिसले नव्हते, कारण तास सगळे सारखेच दिसतात. घड्याळाने तिला गणित शिकवले नाही, ते शिकवता येतही नाही. कुठे शिकवायचे राहिले आहे, तेवढे मात्र त्याने दाखवले.

बाई आता शनिवारी शाळा सुटल्यावर तिला संख्यारेषा शिकवतात. एका वेळी एक घटका.